फुट्या जवस

शेत तडतडतंय हे आधी लेकीच्या कानावर आलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि वारा पडला होता. पाण्याचा तांब्या घेऊन ती बांधावरून चालली होती ती मध्येच थांबली. तिला वाटलं, कुणीतरी वाळक्या काटक्या मोडतंय. एक मोडली, मग दुसरी, मग इकडे, तिकडे, सगळीकडे. शेतात तर कुणीच नव्हतं. तिनं बापाला हाक मारली.

बापाला गावात हट्ट्या म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. तो आला, उभ्या जवसात चार पावलं आत शिरला आणि एक बोंड त्यानं चिमटीत धरलं. वाटाण्याएवढं बोंड, वाळून पिवळं पडलेलं. ते त्याच्या चिमटीतच उकललं. पाच कप्पे पाच बाजूंना फाकले आणि आतले चपटे, गुळगुळीत दाणे बोटांतून निसटून खाली गेले. खाली जमिनीवर आधीच दाणे सांडलेले होते. उन्हात ते तेल लावल्यासारखे चमकत होते.

"फुट्या," तो म्हणाला.

त्या गावात जवसाच्या दोनच जाती मानत. एक मुकं, एक फुट्या. मुक्याचं बोंड वाळून खडखडीत झालं तरी मिटलेलं राहतं. तुम्ही आणून आपटाल तेव्हाच दाणा देतं. फुट्या पिकला की ऊन लागताच आपण होऊन उकलतो आणि जवळचं सगळं जमिनीला देऊन मोकळा होतो. धागाही त्याचा भरड. आणि सांडलेलं बी पुढे वर्षानुवर्षं न पेरता वर येतं, पेरलेल्या पिकाच्या उरावर बसतं.

हट्ट्याच्या घरात मुकं होतं. त्याच्या बायकोनं ते लग्नानंतर माहेराहून आणलं होतं, आणि ती होती तोवर या शेतात कधी तडतड ऐकू आली नव्हती. यंदा पीक गुडघ्याला लागलं तेव्हा ती गेली. यंदाची फुलं तिनं पाहिली नाहीत.

लेक आईच्या मागे सासरहून येऊन राहिली होती. तिनं विचारलं, हे आलं कुठून. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. तुझ्या मामाच्या पोत्यातून, तो म्हणाला.

पोत्याची गोष्ट खरी होती. मेहुण्याच्या गावी पूर आला होता. त्याच्या कोठीत पाणी शिरलं आणि सगळं बी भिजलं. भिजलेलं जवस अंगातून बुळबुळीत चीक सोडतं, दाण्याला दाणा चिकटतो, आणि मग त्या गोळ्याचं काही करता येत नाही. मेहुण्यानं बाजारातून पोतंभर बी आणलं, तर शेत गाळातून वर येईना. इकडे त्याच्या बहिणीकडेही, म्हणजे हट्ट्याच्या बायकोकडेही, बी थोडंच होतं, कारण आदल्या साली ती अंथरुणावर पडली आणि काढणी वेळेवर झाली नाही. तेव्हा बहीणभावांत ठरलं, की पोतं हिनं पेरावं, धागा हिचा; आणि पुढच्या पेरणीला घरचं मुकं बी त्याला द्यावं. घरचं बी म्हणजे आता जगात या एकाच शेतात उरलं होतं.

"पोत्यातलं फुटलं असेल," लेक म्हणाली. "पण मग आईचं कुठेय?"

"त्यातच मिसळलं असेल."

"आई मिसळेल?"

त्यानं तिला घरी जायला सांगितलं, आणि मामाला यातलं काही कळवायचं नाही असंही सांगितलं. लेक त्याचीच होती. दूधवाल्याबरोबर तिनं संध्याकाळच्या आत निरोप धाडला.

फुट्याला एकच औषध, ते म्हणजे दव. पहाटेच्या ओलीत बोंडं मऊ पडतात आणि तोंड मिटून घेतात. ऊन चढेपर्यंत जेवढं उपटाल तेवढं आपलं, मग शेताला हात लावायचा नाही. जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा खोडाच्या सालीत मुळापर्यंत गेलेला असतो. बोंडांच्या खाली मूठभर खोडं एकत्र धरायची, थोडी तिरकी ओढायची. मूळ खोल नसतं, सुटून येतं. माती झटकायची, ओळीत आडवी टाकायची, पेंढी बांधायची. दहा मुठी ओढेपर्यंत सोपं वाटतं. मग तळहाताला आडव्या चिरा पडतात आणि खोडं त्या चिरांतूनच सरकू लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे हट्ट्या आणि लेक बाप-लेकीसारखे नव्हे, दोन मजुरांसारखे ओढत होते. एकमेकांकडे न बघता. मेहुणा आला तेव्हा दव अजून होतं. त्याच्यामागे त्याची आई, म्हणजे हट्ट्याची सासू, काठी टेकत टेकत येत होती. म्हातारीला जवळचं दिसत नसे, लांबचं स्वच्छ दिसे. आपल्या लेकीच्या मरणानंतर ती या गावात पहिल्यांदाच आली होती.

मेहुण्यानं रामराम नाही, पाणी नाही, एकदम शेताकडे बोट केलं. "दाजी, हे काय करून ठेवलंत?"

हट्ट्या म्हणाला, हे मी नाही, तुझ्या पोत्यानं केलंय. मेहुणा म्हणाला, पोतं धाग्यासाठी दिलं होतं, त्यात फुट्या निघणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बियाचं बोला, घरचं बी दाखवा. हट्ट्या म्हणाला, दाखवायला ते काय डब्यात ठेवलंय, शेतात आहे, शोध. असं दोघांचं चढत गेलं. शेजारच्या शेतातले लोक कमरेवर हात ठेवून उभे राहिले, कारण फुकटचा तमाशा कुणाला नको असतो.

मेहुण्यानं मग डोंगराकडे हात केला. म्हणाला, "तिकडे खडकात पिवळ्या फुलाचं जवस उगवतं ना? तेही जवसाच्याच घराण्यातलं. पाकळ्या पाच, बोंडाची घरं पाच, सगळं तसंच. पण त्याला ना धागा, ना दाणा. नुसतं खडक अडवून बसतं. तुम्ही तसले, दाजी."

शेजारच्या शेतात कुणीतरी हसलं. हट्ट्यानं मुठीतली खोडं खाली टाकली. लेक दोघांच्या मध्ये आली नसती तर हात उठलाच असता.

म्हातारी बांधावर टेकली होती. ती म्हणाली, दव चाललंय. भांडण उन्हातही करता येतं, उपटणं येत नाही.

मग चौघं कामाला लागले. म्हातारी बसून माती झटकत होती. मेहुण्यानं मुद्दाम हट्ट्याच्या शेजारची ओळ धरली आणि पुढे काढली. हट्ट्यानं वेग वाढवला. मेहुण्यानंही वाढवला. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, दोघांच्याही श्वासाचा भाता झाला, पण पाठ सरळ करायला कुणी तयार नव्हता. हट्ट्याच्या तळहातातून रक्त आलं. ते त्यानं पायाच्या पोटरीला पुसलं, मेहुण्याला दिसू नये म्हणून.

ओढता ओढता मेहुणा विचारत होता. फुलं आली तेव्हा शेतात कोण फिरलं? हट्ट्या म्हणाला, मी. मेहुणा म्हणाला, तुम्ही? अन् तुम्हाला काय कळतं त्यातलं?

त्याला काय कळतं हे हट्ट्यानं सांगितलं नाही, पण तो फिरला होता हे खरं होतं. बायको दरवर्षी फुलांच्या दिवसांत सकाळभर शेतात असे आणि भेसळीची रोपं उपटून बांधावर टाकत असे. हे काम तिचं. त्यात त्यानं कधी लक्ष घातलं नव्हतं. त्याचं काम तळ्याचं, पेंढ्या पाण्यात सडवायच्या, दगड ठेवून दाबायच्या, बाहेर काढून वाळवायच्या. दुपारी घरी जाताना तो बांधावर तिनं टाकलेला ढीग बघायचा. त्या ढिगात बुटकी, फांद्या फुटलेली रोपं असायची. यंदा ती नव्हती. फुलं आली, शेत निळं झालं, आणि सकाळी घरात बसवेना आणि शेतातही जाववेना. तिच्यावाचून ते निळं त्याला बघायचं नव्हतं. म्हणून तो दुपारी जायचा. जवसाचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकून देतं, तेव्हा शेत पुन्हा हिरवं झालेलं असायचं. त्या हिरव्यात तो वाकून वाकून बुटकी, फांद्यांची रोपं शोधायचा. ती बांधाच्या कडेनं पट्ट्यात पुष्कळ होती. त्यानं एकही ठेवलं नाही, सगळी उपटून बांधावर टाकली. तिच्या मागे त्यानं तिच्यासाठी केलेलं हे एकच काम होतं, आणि ते त्यानं मन लावून केलं होतं.

ऊन चढलं. पेंढ्या बांधायला लेकीजवळचे बंद संपले. तिनं बांधावरच्या जुन्या ढिगातली वाळकी रोपं ओढली, पीळ देऊन बंद करण्यासाठी. तो ढीग तिथेच पडून होता, कारण जवसाची हिरवी बोंडं जनावराला घालत नाहीत. जनावर धाप लागून पडतं. लेकीनं मूठभर रोपं पिळली आणि थांबली. पुन्हा एक मूठ घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "ही फुटली नाहीत."

मेहुणा आधी पोचला. त्यानं एक रोप उचललं. खाली फांद्या, फांद्यांवर बोंडं. वरची बारीक, कोवळेपणीच सुकलेली. खालची टपोरी, वाळलेली, आणि मिटलेली. इतके दिवस उन्हात पडून मिटलेली. मागे शेत तडतडायला लागलं होतं.

म्हातारीनं हात पुढे केला. तिच्या हातात बोंड दिलं तसं तिनं ते अंगठ्यानं चाचपलं, टोकाला नख लावलं, आणि दोन तळहातांत चुरडलं. दाणे तिला दिसत नव्हते. ते तिनं बोटानं मोजले. बोंडाची पाच घरं, घरात मधे एक पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना एक एक दाणा. सगळे भरले तर दहा.

"आपलं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "जावईबापू, ही तुम्ही काढलीत?"

"हो."

"का?"

"बुटकी होती. फांद्यांची होती. ती असलीच काढायची."

म्हातारी म्हणाली, "दाट पेरलं की जवस सरळ वर जातं. विरळ पेरलं की फांद्या करतं. बियासाठी पेरायचं तर विरळच पेरतात, बोंडं जास्त धरतात म्हणून. तिनं घरचं बी कडेला वेगळं पेरलं होतं. बियासाठी."

"ती काढायची त्या ढिगात मी बघितलंय."

"ती दरवर्षी कडेचा पट्टाच निवडायची. तिथली भेसळही विरळच वाढलेली, तिलाही फांद्या असणार. ती फूल बघायची, अंग नव्हे. फुट्याचं फूल मोठं असतं, रंगाला फिकं. सकाळी कळतं. दुपारी सगळी सारखीच."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत?"

मेहुण्याला आता रान मोकळं मिळालं. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "अंगात त्राण नसताना तिनं वाकून पेरलं. तुम्ही उपटून फेकलंत. माझ्या पोत्यातलं तेवढं छान जपलंत."

हट्ट्या ढिगाकडे चालत गेला, दोन्ही हातांनी जेवढा कवेत मावेल तेवढा उचलला आणि घराकडे निघाला. मेहुण्यानं उरलेला उचलला आणि मागोमाग आला. लेक आणि म्हातारी सगळ्यात मागे, वाटेवर गळलेली बोंडं गोळा करत.

अंगणात चादर पसरून चौघं बोंडं चुरडत बसले. मेहुण्याचं लक्ष हट्ट्याच्या हातांवर होतं आणि हट्ट्याचं मेहुण्याच्या. म्हातारीनं सूप मागितलं. ती पाखडत होती आणि कानानं ऐकत होती. भरलेला दाणा सुपावर वाजतो, पोकळ दाणा वाजत नाही. भुसा उडाला, पोकळ दाणेही बरेच उडाले. कोवळेपणी उपटलेल्या रोपाला दाणा भरायला वेळच मिळाला नव्हता. शेवटी जे राहिलं ते एका वाटीत मावलं, आणि वाटीला वर जागा राहिली.

वाटी मध्ये होती. मेहुणा म्हणाला, हे आईचं बी, ती घेऊन जाईल. हट्ट्या म्हणाला, माझ्या शेतात उगवलंय, माझ्या घरातून जाणार नाही. मेहुण्यानं विचारलं, पेरणार कुठे? या शेतात आता फुट्या सांडलाय. याच्या शेजारी मुकं टाकाल तर दोन सालांत ओळखू येणार नाही. आमच्या शेतावर पुराचा नवा गाळ बसलाय, त्यात जवसाचा एक दाणा नाही. जागा माझ्याकडे आहे. ओळखणारी माझ्याकडे आहे. तुमच्याकडे काय आहे?

"माझ्याकडे वाटी आहे," हट्ट्या म्हणाला आणि ती उचलून घरात गेला.

आतल्या खोलीत बायकोचा पलंग अजून तसाच होता. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. त्यानं वाटी फळीवर ठेवली, उंदीर येतात म्हणून त्यावर ताटली ठेवली, ताटलीवर दगड ठेवला. मग तो पलंगाच्या दोऱ्यांवर बसला. बाहेर मेहुणा लेकीला काहीतरी सांगत होता. त्यातलं त्याला एवढंच ऐकू आलं, की जिवंत बहीण दिली तीही यांना सांभाळता आली नाही, आता बी काय सांभाळणार.

तो उठून बाहेर गेला आणि त्यानं मेहुण्याच्या छातीवर दोन्ही हात टेकून त्याला ढकललं. मेहुणा सुपावर पडला. सूप मोडलं. उठून त्यानं हट्ट्याची मानगूट धरली. दोघं अंगणात गोल फिरले, धड मारामारी नाही, धड मिठी नाही. हात चिरांनी सोललेले होते, त्यामुळे पकड कुणालाच नीट बसत नव्हती. लेक ओरडली नाही. तिनं पाण्याची बादली उचलली आणि दोघांवर ओतली, कुत्र्यांवर ओततात तशी.

म्हातारी जागची हलली नव्हती. पाणी निथळत दोघं उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "वाटीतलं बी ओलं झालं नाही ना?"

"आत आहे," हट्ट्या म्हणाला.

"मग ठीक." काठीवर जोर देऊन ती उठली. "जावईबापू, ठेवायचं तर ठेवा. दोन सालं उगवेल, तिसऱ्या साली अर्धं मरेल. पुढे तेल काढायच्याही कामाचं नाही. मी तोवर असेन की नाही, सांगता येत नाही. जवळचं दिसत नाही, पण फूल हातभर लांब धरलं की अजून ओळखते. पुढच्या फुलापर्यंत ओळखेन, असं धरून चाला."

तिनं एवढंच सांगितलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. मेहुणा तिच्या मागे निघाला. ओला सदरा अंगाला चिकटला होता आणि त्याची पाठ बहिणीच्या पाठीसारखी दिसत होती, खांद्यापाशी तशीच जरा वाकलेली. हट्ट्याला ते बघायचं नव्हतं, पण ते दिसलं.

तो आत गेला. दगड काढला, ताटली काढली. बायकोचं एक धुतलेलं फडकं खुंटीला होतं, त्यात वाटी रिकामी केली. एक दाणा बोटाच्या ओल्या चिरेला चिकटून राहिला, तो त्यानं खरवडून त्यातच टाकला. फडक्याला घट्ट गाठ मारली. बाहेर येऊन त्यानं ते मेहुण्याच्या हातात दिलं नाही. त्याला मागे टाकून पुढे गेला आणि म्हातारीच्या हातात दिलं.

"फुलं आली की मी येणार," तो म्हणाला. तो सासूशी बोलत होता, पण ऐकवत मेहुण्याला होता. "सकाळी. मला दाखवायचं."

मेहुणा म्हणाला, "माझ्या शेतात तुमचा पाय नको, दाजी. रोपांना तर हातच लावायचा नाही."

"लावत नाही. बाहेर उभा राहीन."

"उभे राहा. जेवायला बोलावणार नाही."

"मी जेवून येईन."

म्हातारीनं गाठ चाचपून बघितली, फडकं कमरेला खोचलं आणि काठी पुढे टाकली. मेहुणा तिच्या बाजूनं चालू लागला. जाताना लेकीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. हट्ट्याकडे वळून पाहिलं नाही, आणि हट्ट्यानं त्यांना वळणापर्यंत पोचवलं नाही.

लेकीनं मोडलेलं सूप उचललं, बघितलं आणि चुलीजवळ नेऊन ठेवलं. सासरी परत कधी जायचं ते तिनं बापाला विचारलं नव्हतं, त्यानंही तो विषय काढला नव्हता. हातांना तेल लावून तिनं चिंध्या बांधल्या, मग बापाचे हात ओढून घेतले आणि त्यांनाही बांधल्या.

अर्धं शेत अजून उभं होतं, आणि ऊन उतरेपर्यंत तडतडत होतं. ते उपटायचं राहिलं होतं.